बिस्किटी रंगाचे चौकोन

हद्दाद मॅडमनी प्रोजेक्टचं नाव विचारलं,
मी म्हणाले, अजून ठरलं नाही.
खरं तर विषयच ठरला नव्हता.
बाकीच्यांनी दुबईतली मोठी चित्रं घेतली होती,
पाच मजली ससाणे, मोती काढणारे पाणबुडे,
परवानगीचा कागद काढून, क्रेन भाड्याने आणून रंगवलेले.
खाली कलाकाराची सही,
सहीखाली बँकेचं नाव.

आमच्या शारजातल्या गल्लीत, रोलाच्या मागे, तसलं काही नाही.
एक सलून, एक मोबाइल दुरुस्तीवाला,
आणि एसीच्या ठिबकत्या पाण्यावर जगणारी दोन मांजरं.
भिंतींवर मात्र चौकोन आहेत.
रात्री कुणीतरी नंबर लिहून जातं,
बेड स्पेस, खिडकीजवळ, फक्त नोकरदार,
आणि सकाळी पालिकेचा माणूस येऊन
त्यावर रोलर फिरवतो.
भिंतीचा रंग आणि बादलीतला रंग
आजवर एकदाही जुळलेला नाही.

मी तेच टिपत सुटले.
ऑगस्टात दाराबाहेर पाऊल टाकलं
की लेन्सवर वाफ धरते,
पहिले तीन फोटो नुसतं धुकं.
चौथ्यात चौकोन उगवतो.

टॅब्लेटवर प्रत्येकाचा रंग उचलला.
एक्केचाळीस निघाले.
मॅडमच्या भाषेत सगळे बेज,
माझ्याकडे नावं जास्त आहेत:
बिस्किटी, मातकट, तांदळाच्या धुवणाचा,
चहा सांडून वाळलेल्या चादरीचा.
एकाला नाव सापडेना,
त्याला मी 'परकारांचा' म्हटलं,
कारण त्याच्याखाली आमचाच नंबर आहे.

मी सहावीत होते. अब्बांचा पगार तीन महिने अडला होता.
हॉलमध्ये पडदा लावून आम्ही एक खाट भाड्याने दिली,
जाहिरात मी लिहिली, माझं अक्षर बरं म्हणून.
पाचाचा आकडा चुकला, त्याचा मी सहा केला,
तो जाड दिसायचा.
दोन दिवसांत पुसला.
खाटेवर मात्र एक माणूस आला, वर्षभर राहिला,
त्याच्या घोरण्याच्या तालावर मी पाढे पाठ केले.

"भिंतींचे फोटो कसले काढतेस गो?" अब्बा विचारतात.
मी सांगत नाही. लेअर बंद करून
खालचं दाखवता येतं का, तेवढं पाहतेय.
फाइलमध्ये येतं.
भिंतीवर नखाने खरवडून पाहिलं,
नखात तीन रंग आले, आकडा नाही आला.

शुक्रवारी सकाळी रोलरवाला भेटला.
मोहिबुल, नोआखालीचा.
मला वाटलं, हाकलेल.
त्याने बादली खाली ठेवली, टॅब्लेटकडे वाकला
आणि एकेक चौकोन ओळखत गेला.
हा आपण नाय केला, हा नवा पोरगा, कडा बघ कशा पळतात.
हा मी. त्या दिवशी रंग संपला,
दुसऱ्या बादलीतला थोडा घातला, म्हणून पिवळा.
हा ईदच्या आदल्या दिवशीचा, घाईत.
(हे सगळं तो हिंदीत बोलला, मी मराठीत ऐकलं.)
एक्केचाळीसपैकी सतरा त्याचे निघाले.
सहीची जागा मी रिकामी ठेवली होती,
ती कुणाची, ते तेव्हा कळलं.

मग त्याने एक चौकोन मोठा करून पाहायला
दोन बोटं काचेवर ठेवली,
बोटं ओली होती.

रविवारी रात्री फाइल पाठवली.
सतरा चौकोनांखाली मोहिबुलचं नाव,
बाकीच्यांखाली 'माहीत नाही'.
'परकारांचा' कुणी केला, हे त्यालाही आठवेना.
मॅडमनी बी प्लस दिला,
शेऱ्यात लिहिलं, कल्पना चांगली, पण यात तू कुठे आहेस?

काचेवरचे दोन ठिपके वाळलेत.
फाइलबरोबर ते गेले नाहीत.
मी त्यांच्या भोवतीनेच पुसते,
आणि नवं काही काढायला घेतलं
की आधी त्यांचा रंग उचलते.
बेचाळिसावा.